नायजेरियातली बेरोजगारी ३३ टक्के की ४ टक्के?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.ए.च्या प्रबंधासाठी तुम्ही नायजेरियाचे बेरोजगारीचे आकडे जमवले. २०२० च्या शेवटच्या तिमाहीत दर ३३.३ टक्के होता आणि २०२३ च्या पहिल्या तिमाहीत ४.१ टक्के. मधल्या काळात तिथे कारखान्यांची रांग उभी राहिली नाही, महागाई वाढली, शिकलेली मुलं देश सोडून निघाली. मग सरकारने आकडे रंगवले का, आणि प्रबंधात कोणता आकडा धरायचा?

आकडे रंगवलेले नाहीत. दोन्ही एकाच संस्थेचे, अबुजाच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचे आहेत आणि आपापल्या व्याख्येप्रमाणे दोन्ही ठीक आहेत. पण तुम्हाला मुळात जाणून घ्यायचंय ते वेगळं आहे, असं मला वाटतं. नायजेरियातल्या माणसाला पोटापुरतं काम मिळणं सोपं झालं की अवघड, हे तुम्ही शोधताय. बेरोजगारीचा दर त्याचं उत्तर देईल असं आपण धरून चालतो, आणि घोळ तिथेच होतो.

मी गेली वीसेक वर्षं श्रमबल पाहण्यांवर काम करते. सुरुवात मराठवाड्यात आणि खानदेशात घरोघर प्रश्नावल्या भरण्यापासून झाली. पुढे पश्चिम आफ्रिकेत, त्यातही जास्त करून नायजेरियात, प्रगणकांना प्रशिक्षण देण्याचं काम आलं. त्यामुळे इथे जे सांगते आहे ते उंबरठ्यावर बसून प्रश्न विचारणाऱ्याच्या जागेवरून दिसलेलं आहे.

आधी व्याख्या. २०१५ पासून नायजेरियाचा नियम असा होता की आठवड्याला २० तासांपेक्षा कमी काम करणारा बेरोजगार, २० ते ३९ तास करणारा अर्धबेरोजगार आणि ४० तास किंवा जास्त करणारा पूर्ण रोजगारात. ऑगस्ट २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि जागतिक बँक यांच्या मदतीने केलेली नवी पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात आठवड्यात एक तास जरी मोबदल्यासाठी किंवा नफ्यासाठी काम केलं तरी माणूस रोजगारात धरतात. बेरोजगार फक्त तो, ज्याने तेवढंही केलं नाही, जो काम शोधतोय आणि मिळालं तर लगेच करायला तयार आहे.

एक उदाहरण देते. इबादानला एका वस्तीच्या तोंडाशी एक बाई सकाळी अकारा तळायची. अकारा म्हणजे चवळीची भजी. साडेपाच ते आठ, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे १५ तास. जुन्या नियमाने ती बेरोजगार, नव्या नियमाने रोजगारात. बाई तीच, कढई तीच. पण थांबा. आदल्या संध्याकाळी ती चवळी भिजत घालायची, सालं काढायची, गिरणीतून वाटून आणायची. ते तास धरले तर २५ होतात आणि जुन्याच नियमाने ती बेरोजगारातून उठून अर्धबेरोजगारात जाते. म्हणजे तिचा खाना कोणता हे प्रगणकाने तयारीचा वेळ विचारला की नाही यावर ठरायचं. ज्या देशात कोट्यवधी लोक असं काम करतात, तिथे २० तासांची रेघ किती डळमळीत असेल, याचा विचार करा. सुरुवातीला ती व्याख्या मला माणुसकीची वाटायची, कारण दोन तास भजी तळणाऱ्या बाईला 'रोजगार आहे' म्हणायला जीभ रेटत नाही. असे अनुभव साठत गेल्यावर माझं मत बदललं.

आणि हे तिथे दुसऱ्यांदा घडतंय. २०१५ च्या आधी रेघ ४० तासांवर होती. त्या हिशेबाने २०११ चा दर २३.९ टक्के होता. २० तासांची रेघ आल्यावर त्याच वर्षाचा दर ६ टक्क्यांवर आला. त्यामुळे २०११ पासून आजपर्यंत एकच रेघ ओढलेला आलेख कुठे दिसला तर त्यात तीन वेगवेगळ्या मोजपट्ट्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात. प्रबंधात हे बिंदू जोडू नका. मोजपट्टी बदलली तिथे आलेख तोडा आणि का तोडला ते खाली लिहा.

एक तासाची अट ऐकून अनेकांना राग येतो. नायजेरियातही कामगार संघटनांनी हे आकडे मान्य केले नाहीत, आणि त्यांचा राग मला कळतो. पण ही अट नायजेरियासाठी शोधून काढलेली नाही. आपल्याकडेही नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात चालू साप्ताहिक स्थिती ठरवताना सात दिवसांत एखाद्या दिवशी एक तास काम केलं तर माणूस कामावर धरतात. यामागचं कारण सरळ आहे. भज्यांच्या विक्रीतून झालेलं उत्पन्न राष्ट्रीय उत्पन्नात मोजायचं आणि ते काढणारा हात मात्र बेकार म्हणायचा, हे हिशेबात बसत नाही.

मग ३३ वरून ४ हा सगळा फरक फक्त तासांच्या रेघेचा का? नाही. २०२० हे करोनाचं वर्ष होतं. शिवाय नवी प्रश्नावली बारीकसारीक काम खोदून काढते आणि हा भाग बाहेरून दिसत नाही. 'तुम्ही काम करता का?' या प्रश्नाला 'नाही' म्हणणारे लोक मी दोन खंडांत पाहिले आहेत. जळगावकडे पापड लाटता लाटता बाई सांगते, 'नाही हो, घरीच असते.' लागोसला रस्त्याकडेला छत्रीखाली पीओएसचं यंत्र घेऊन लोकांना रोकड काढून देणारा पदवीधर मुलगा सांगतो, 'काम शोधतोय.' तुम्ही करताय ते काय, असं विचारलं की तिथलं ठरलेलं उत्तर येतं, 'आय डे मॅनेज', म्हणजे भागवतोय कसंतरी. त्यांच्या लेखी काम म्हणजे नोकरी, आणि बाकी सगळं 'हसल', म्हणजे पोटासाठीची खटपट. आपल्याकडे 'नोकरी' आणि 'कामधंदा' यांत जो फरक आहे, तसाच. म्हणून नव्या पाहणीत 'काम करता का' असं एकदाच विचारून सोडत नाहीत. गेल्या सात दिवसांत काही विकलं का, कुणाच्या दुकानात बसलात का, घरच्या धंद्यात हात लावला का, असे प्रश्न एकामागून एक येतात, आणि काल 'नाही' म्हणणारा आज 'हो' म्हणतो.

आता जे तुमच्या खऱ्या कामाचं आहे त्याकडे येते. एकाच मोजपट्टीच्या आत आकडे पाहिले तर ते बोलतात. २० तासांच्या नियमाने २०१५ च्या पहिल्या तिमाहीत दर ७.५ टक्के होता. वर्षाच्या शेवटी १०.४, २०१६ च्या शेवटी १४.२, २०१८ च्या तिसऱ्या तिमाहीत २३.१, २०२० च्या दुसऱ्या तिमाहीत २७.१ आणि शेवटच्या तिमाहीत ३३.३. पावणेसहा वर्षांत चौपटीहून जास्त. हे व्याख्येचं काम नव्हे, हे खरोखर घडलं. २०१४ च्या मध्यापासून कच्च्या तेलाचे भाव कोसळले आणि २०१६ मध्ये अर्थव्यवस्था १.६ टक्क्यांनी आकसली. तेल नायजेरियाच्या निर्यातीचा फार मोठा भाग आहे, पण तेलाच्या विहिरींवर माणसं थोडीच लागतात. तेलाचा फटका रोजगाराला बसतो तो आडून. डॉलर आटतात, कारखान्यांना कच्चा माल आणि सुटे भाग मिळत नाहीत, राज्य सरकारांचे पगार थकतात आणि पगारदार गिऱ्हाईक गेलं की भजीवालीची कढईही अर्धी भरते.

याच मालिकेत एक खाचखळगा आहे. २०२० च्या दुसऱ्या तिमाहीत श्रमबल, म्हणजे काम करणारे आणि काम शोधणारे मिळून, ८.०३ कोटी होतं आणि शेवटच्या तिमाहीत ते ६.९७ कोटींवर आलं. सहा महिन्यांत एक कोटीहून जास्त माणसं श्रमबलाबाहेर! काम शोधणं सोडलेला माणूस बेरोजगारही राहत नाही, मोजणीतूनच बाहेर पडतो. त्यामुळे दराबरोबर दर वेळी छेद, म्हणजे एकूण श्रमबल, काय आहे ते बघा. हा छेद हलला की दर फसवतो.

नव्या मोजपट्टीच्या बाजूचा एक प्रसंग मी प्रशिक्षणात नेहमी सांगते. ऑक्टोबर २०२२ मध्ये नायजेरियाच्या मध्यवर्ती बँकेने २००, ५०० आणि १,००० नायराच्या नव्या नोटा जाहीर केल्या. जानेवारी ते मार्च २०२३ मध्ये जुन्या नोटा चालेनात आणि नव्या मिळेनात. आपल्याला २०१६ चा नोव्हेंबर आठवतो, तसंच ते. बाजारात माल आहे, गिऱ्हाईक आहे, पण सुटी रोकड नाही. ३ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने जुन्या नोटा वर्षअखेरपर्यंत चालू ठेवल्या. त्या तिमाहीत अर्थव्यवस्थेची वाढ ३.५२ वरून २.३१ टक्क्यांवर घसरली. आणि बेरोजगारीचा दर? तो आधीच्या तिमाहीच्या ५.३ टक्क्यांवरून ४.१ टक्क्यांवर उतरला. यात हंगामाचा काही वाटा असू शकतो, दोनच तिमाह्यांवरून फार ताणू नये. तरी दिशा बघा. हाल वाढले आणि बेरोजगारी कमी झाली. याचं कारण वस्तीत फिरलं की कळतं. तिथे बेकारभत्ता नाही. नवऱ्याची कमाई अर्धी झाली की बायको भाजलेलं मक्याचं कणीस विकायला बसते, कॉलेज बंद असलेला मुलगा पाण्याच्या पिशव्या विकतो. सात दिवस काहीही न करता नोकरी शोधत राहणं ज्याच्या घरी दुसऱ्या कुणाची कमाई आहे त्यालाच परवडतं. हातावर पोट असलेल्याला बेरोजगार राहण्याची मुभा नसते. नायजेरियाच्या नव्या दराबद्दल मला मुख्य सांगायचं आहे ते हेच.

मग कशाकडे बघायचं? हे तुमच्या प्रबंधाच्या विषयावर अवलंबून आहे. पण मी स्वतः पहिल्यांदा पाहते ते माणूस कोणाकडे काम करतो हे. २०२३ च्या पहिल्या तिमाहीत काम करणाऱ्यांपैकी ७५.४ टक्के स्वतःच्या धंद्यात किंवा शेतीत होते, आणखी दहाएक टक्के घरच्या धंद्यात मदत करत होते आणि पगारावर फक्त ११.८ टक्के. असंघटित रोजगार ९२.६ टक्के. हे आकडे मला ३३.३ पेक्षा जास्त हादरवतात. वीस कोटींहून जास्त लोकसंख्येच्या देशात दर आठ-नऊ कामकऱ्यांमागे एकालाच कुणीतरी पगार देतं.

यात आपला एक धागा आहे. लागोस, कानो, ओनित्शा, कुठेही जा, रस्त्यावर पिवळ्या तीनचाकी दिसतात. त्यांना तिथे केके म्हणतात, पूर्ण नाव केके नापेप. २००१ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय दारिद्र्य निर्मूलन कार्यक्रमाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ते पडलं, कारण तरुणांना रोजगार म्हणून सरकारने या गाड्या वाटल्या. त्यातल्या असंख्य बजाजच्या. वाळूजच्या कारखान्यात रिक्षा जोडणाऱ्या पगारी कामगाराचा रोजगार आणि कानोत ती चालवणाऱ्याचा स्वयंरोजगार असे एकमेकांत गुंतलेले आहेत. बजाजच्या बॉक्सर मोटरसायकली तिथे ओकाडा, म्हणजे दुचाकी टॅक्सी, म्हणून धावतात. १ फेब्रुवारी २०२० पासून लागोस राज्याने शहराच्या मोठ्या भागात ओकाडा आणि केके यांच्यावर बंदी घातली. माझ्या ओळखीचा एक केकेवाला तेव्हा मोठे रस्ते सोडून आतल्या गल्ल्यांत गेला. दिवसाचे तास तेवढेच, मालकाला द्यायचा आठवड्याचा हप्ता तेवढाच, फेऱ्या निम्म्या. पाहणीत तो आधीही रोजगारात होता, नंतरही. त्याच्या संसारात काय झालं ते टिपायला उत्पन्नाचा तक्ता लागतो.

दुसरी गोष्ट म्हणजे तास, पण बेरोजगार ठरवण्यासाठी नव्हे. २०२३ च्या पहिल्या तिमाहीत काम करणाऱ्यांपैकी ३३.२ टक्के लोक आठवड्याला ४० तासांपेक्षा कमी काम करत होते आणि कमी तास मिळतात पण जास्त हवेत असं सांगणारे १२.२ टक्के होते. जुन्या व्याख्येने जे दुःख बेरोजगारीच्या आकड्यात कोंबलं होतं, त्यातलं बरंचसं नव्या अहवालात इथे सापडेल. ते हरवलेलं नाही, पुढच्या पानावर गेलंय. बातम्या पहिल्या पानावरून होतात, एवढंच.

तिसरी, आणि मला सगळ्यात जिव्हाळ्याची, म्हणजे मोबदल्याचं मोल. २०१९ मध्ये किमान वेतन महिन्याला ३०,००० नायरा झालं, तेव्हाच्या भावाने ८० डॉलरांच्या आसपास. जुलै २०२४ मध्ये ते ७०,००० झालं; दुपटीपेक्षा जास्त. पण जून २०२३ मध्ये नायरा मोकळा सोडल्यापासून तो एवढा घसरला की हे ७०,००० म्हणजे पंचेचाळीस डॉलरांच्या आसपास भरत होते. नायरा सोडण्याच्या दोनेक आठवडे आधी पेट्रोलवरचं अनुदान गेलं होतं. वीज बेभरवशाची असल्याने शिंप्यापासून न्हाव्यापर्यंत सगळे छोट्या जनरेटरवर धंदा करतात, त्यामुळे पेट्रोल महागलं की तिथे प्रवासखर्चाबरोबर धंद्याचा खर्चही वाढतो. २०२४ च्या अखेरीस महागाईचा दर ३४ टक्क्यांच्या वर होता. आणि पंचवीसपेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणांना किमान वेतनाचा कायदा लागूच नाही. शंभरातल्या बाराजणांना पगार मिळतो. त्यांतल्याही किती जणांपर्यंत तो कायदा पोचत असेल?

शिकलेल्या तरुणांचं चित्र मात्र निराळं आहे, आणि तिथे बेरोजगारीचा दर थोडाफार उपयोगी पडतो, कारण घरच्यांच्या आधारावर वाट बघणं त्यांच्यातल्या काहींना जमतं. २०२० च्या शेवटी १५ ते ३४ वयोगटाचा जुन्या व्याख्येचा दर ४२.५ टक्के होता. पदवीनंतर एक वर्ष राष्ट्रीय सेवा करायची, तिचा भत्ता थांबला की शोध सुरू. १५ मार्च २०१४ ला इमिग्रेशन खात्याच्या पाच हजारांहून कमी जागांसाठी देशभरातल्या मैदानांवर लाखो अर्जदार परीक्षेला बोलावले गेले. चेंगराचेंगरीत पंधराहून अधिक जीव गेले. तलाठी भरतीच्या गर्दीत उभं राहिलेल्या आपल्या मुलांना हे समजावून सांगावं लागणार नाही. त्या मैदानांवरच्या कित्येकांना आजच्या पाहणीने 'रोजगारात' धरलं असतं. ते काम शोधत नव्हते, पहिल्या तारखेला येणारा पगार शोधत होते. आता तीच मुलं 'जापा' म्हणतात. हा योरुबा शब्द, अर्थ पळ काढणं. परिचारिका, डॉक्टर, संगणकवाले कॅनडाला आणि ब्रिटनला निघून जातात, आणि गेलेला माणूस कुठल्याच तक्त्यात उरत नाही.

तुलना करताना दोन ठिकाणी जपा. पहिलं, नव्या पद्धतीत फक्त घरच्या खाण्यासाठी पिकवणारा शेतकरी रोजगारात धरत नाहीत. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय ठरावाप्रमाणे ते वेगळं काम. आपल्या सर्वेक्षणात मात्र तो धरतात. त्यामुळे भारत आणि नायजेरियाचे दर शेजारी ठेवताना खाली टीप हवीच. दुसरं, आग्नेय भागातल्या इग्बो समाजातले शिकाऊ. मुलगा पाच-सात वर्षं मालकाकडे राहतो, जेवतो, दुकान सांभाळतो, पगार नाही. शेवटी मालक त्याला भांडवल देऊन स्वतंत्र दुकान थाटून देतो. न्नेवी आणि ओनित्शाचा बराच व्यापार या रिवाजावर उभा आहे. अशा मुलाला कोणत्या खान्यात टाकायचं यावर आमच्या प्रशिक्षणाचा अर्धा दिवस जायचा. त्याला नुसतं 'बिनपगारी' म्हणून सोडून दिलं तर त्या भागातली नोकरी देण्याची सगळ्यात जुनी व्यवस्था तुमच्या प्रबंधातून गळून पडेल.

तुमच्या मार्गदर्शकांनी एकच आकडा मागितला तर त्यांना १९७० च्या दांतवाला समितीची आठवण करून द्या. आपल्या शेतीप्रधान, कुटुंबावर चालणाऱ्या अर्थव्यवस्थेत बेरोजगारी एका आकड्यात मांडू नये, हे त्या समितीने तेव्हाच सांगितलं होतं. ती भारताबद्दल बोलत होती, पण इबादानच्या त्या कढईलाही ते तंतोतंत लागू पडतं.

तेव्हा प्रबंध असा मांडा असं मी सुचवेन. २०१५ ते २०२० ही एक मालिका, जुन्या व्याख्येसह, स्वतंत्र प्रकरणात. तिथे बेरोजगारी वाढण्याची कारणं सविस्तर येऊ देत. २०२२ च्या शेवटापासूनची दुसरी मालिका वेगळी, आणि तिच्यात दर मागे, कामाचा प्रकार आणि तास पुढे. मधल्या काळात, २०२१ आणि २०२२ च्या बऱ्याच भागात, आकडे प्रसिद्ध झालेच नाहीत. ती जागा अंदाजाने भरू नका, रिकामीच दाखवा. तिमाही अहवालांतला रोजगाराच्या प्रकाराचा तक्ता आधी उतरवून घ्या. मात्र स्वयंरोजगाराची टक्केवारी २०२३ च्या मध्यावर एकदम ८७-८८ वर चढलेली दिसेल, तेव्हा घरच्या धंद्यात मदत करणारे त्याच खान्यात आले आहेत का, ते आधी तपासा आणि मगच त्यावर वाक्य लिहा.